प्रॉडक्शनवर बीटा चढवण्याची शास्त्रोक्त पद्धत

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरची पहिली बीटा, म्हणजे चाचणीपुरती कच्ची आवृत्ती, दरवर्षी साधारण मे महिन्यात येते आणि पक्की आवृत्ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. मधले चार महिने वाट पाहणं हे भित्र्यांचं काम. उदाहरणाला 2024 साल घेऊ: तुमच्या प्रॉडक्शनवर, म्हणजे खरं काम चालतं त्या डेबियन लिनक्स सर्व्हरवर, 16 वी आवृत्ती गुमान चालली आहे, कुणाची तक्रार नाही, आणि 23 मे रोजी 17 ची बीटा 1 आली. आता शांत बसणं शोभतं का?

सुरुवात एपीटीच्या, म्हणजे डेबियनवर पॅकेजं बसवणाऱ्या साधनाच्या, सोर्स फाइलपासून करा. पॅकेजं कुठून आणायची ते तिच्यात असतं. पीजीडीजीच्या (पोस्टग्रेस प्रकल्पाच्या स्वतःच्या) रिपॉझिटरीच्या, म्हणजे पॅकेजांच्या कोठाराच्या, ओळीत ‘मेन’पुढे ‘17’ एवढं लिहिलं की बीटा मिळते. पण एवढ्यावर समाधान मानणारे पुढे जात नाहीत. कच्च्या कोडमधून बांधलेली ‘स्नॅपशॉट’ शाखाही जोडा आणि कोणत्या आवृत्तीला पसंती द्यायची ते ठरवणाऱ्या पिन फाइलमध्ये सरसकट सगळ्या पॅकेजांना 1001 प्राधान्य देऊन टाका. आकडा 1000 च्या वर गेला की एपीटी गरज पडल्यास पॅकेज मागच्या आवृत्तीवरही उतरवतं, म्हणजे दोन्ही दिशांनी गोंधळाची सोय झाली. एपीटीच्या आज्ञेला ‘-एस’ दिल्यास काय काय बदलणार ते नुसतं दाखवलं जातं. ते बघायचं नाही. न विचारता सगळ्याला हो म्हणणारा ‘-वाय’ द्या. प्रोग्रॅम डेटाबेसशी जिच्यामार्फत बोलतात ती क्लायंट लायब्ररी लिबपीक्यू5 सुद्धा बीटाची होईल आणि पीएचपीपासून पायथॉनपर्यंत तिच्यावर विसंबलेलं सगळं त्या रात्री नकळत बीटा-टेस्टर बनेल. नंतर पश्चात्ताप झाला तर सोर्सची ओळ पुसून टाका. बसलेलं पॅकेज त्याने परत जात नाही, पण मनाला बरं वाटतं.

बीटा बसताच डेबियन तिच्यासाठी वेगळा क्लस्टर, म्हणजे स्वतःच्या डेटासह चालणारा स्वतंत्र सर्व्हर, तयार करतं. 5432 पोर्ट 16 ने अडवलेला असल्याने नवा क्लस्टर 5433 वर जातो. पीजी-एलएसक्लस्टर्स ही आज्ञा दोन्ही पोर्ट समोर मांडते, म्हणून ती चालवू नका. ॲप्लिकेशन 5432 वरच बोलत राहील, सगळं सुरळीत चालेल, आणि ‘आम्ही बीटा आठवडाभर तपासली, एकही अडचण नाही’ असा ईमेल तुम्ही निश्चिंत मनाने पाठवू शकाल.

खरी गंमत डेटा हलवण्यात आहे. जुन्या आवृत्तीचा डेटा नव्या आवृत्तीत नेणाऱ्या पीजी-अपग्रेडला ‘--चेक’ पर्याय आहे. तो काहीही न बदलता अडचणी सांगतो. पोस्टजीआयएससारखी (नकाशांच्या डेटासाठीची) एक्स्टेन्शन्स, म्हणजे जोड-सुविधा, प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी वेगळी बांधावी लागतात, बीटासाठी ती तयार नसली तर गहाळ लायब्रऱ्यांची यादी फाइलमध्ये लिहूनही देतो. इतकं कोण वाचणार? त्यापेक्षा ‘--लिंक’ निवडा. फायली कॉपी होत नाहीत, हार्ड लिंक होतात (त्याच फायली दोन्ही क्लस्टर वापरतात), मोठा डेटाबेसही झटक्यात होतो. नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना क्लस्टर सुरक्षितपणे वापरता येत नाही, ही तळटीप आहे. बॅकअपची जागाही वाचली, कारण तो घेतलेलाच नाही.

मग बीटा 2 येते. दोन बीटांमध्ये कॅटलॉगची, म्हणजे डेटाबेसच्या अंतर्गत नोंदवहीची, आवृत्ती बदलली असेल, तर नवा प्रोग्रॅम जुनी डेटा डिरेक्टरी उघडायला साफ नकार देतो. इलाज असा की आधीच्या बीटाचा सर्व्हर चालू असतानाच डंप (सगळ्या डेटाची फाइलमधली प्रत) काढायचा. तुम्ही मात्र एपीटी अपग्रेड आधीच करून बसलेले असाल.

16 वर परतायचं म्हणाल, तर 16 चा पीजी-डंप, म्हणजे डंप काढणारा प्रोग्रॅम, 17 च्या सर्व्हरचा डंप काढत नाही, आवृत्ती जुळत नाही म्हणून थांबतो. 17 च्या पीजी-डंपने काढलेली फाइल 16 मध्ये भरायला गेलात, तर सुरुवातीलाच ‘ट्रान्झॅक्शन टाइमआउट’ हे 17 मधलं नवं सेटिंग 16 ला ओळखता येत नाही. ती एक ओळ हाताने काढता येते. पुढच्या ओळींत काय काय अडेल, ते तुम्ही बीटातल्या कोणत्या नव्या सोयी वापरल्या त्यावर अवलंबून.

आणि त्या वापरायच्याच. 17 च्या बीटात पार्टिशन, म्हणजे मोठ्या टेबलाचे तुकडे, जोडण्याची आणि फोडण्याची आज्ञा होती. महिन्याची पार्टिशन्स त्याच आज्ञेने फोडणारी स्क्रिप्ट लिहून घ्या. ऑगस्टमध्ये ती सोय मागे घेतली गेली, आणि 5 सप्टेंबरला आलेल्या आरसी 1 मध्ये (पक्क्या आवृत्तीआधीच्या शेवटच्या टप्प्यात) ती नव्हती. गणपती 7 तारखेला होते, म्हणजे मखर एका हाताने आणि स्क्रिप्ट दुसऱ्या हाताने. 15 च्या बीटात एसक्यूएल-जेसन (जेसन स्वरूपातला डेटा हाताळणाऱ्या) फंक्शन्सचंही असंच झालं होतं.

डेटाबेस हाताळायचं पीजीॲडमिन हे साधन पिपने (पायथॉनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) बसवत असाल तर कच्च्या आवृत्त्याही घेणारा ‘--प्री’ जरूर द्या. तो पर्याय फक्त पीजीॲडमिनला लागू होत नाही, त्याला लागणाऱ्या इतर सगळ्या पॅकेजांनाही लागतो.

काही मंडळी वेगळंच करतात. डॉकरमध्ये, म्हणजे सर्व्हरपासून वेगळ्या ठेवलेल्या कंटेनरात, बीटाची आवृत्ती ओढतात, प्रॉडक्शनच्या डंपची प्रत भरतात, नेहमीच्या शंभरेक क्वेऱ्यांचे एक्स्प्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार त्याचा आराखडा) दोन्हीकडे ताडून पाहतात, कंटेनर फेकून देतात आणि काही सापडलंच तर आवृत्ती, क्वेरी आणि छोटं टेबल जोडून पीजीएसक्यूएल-बग्ज या पोस्टग्रेसच्या दोष कळवण्याच्या ईमेल यादीवर कळवतात. तुम्ही तसलं काही कळवू नका. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पोस्टग्रेसमध्ये आता राम राहिला नाही’ एवढं टाका. तोच बग सप्टेंबरच्या पक्क्या आवृत्तीत निघाला, की ‘मला मे महिन्यातच माहीत होतं’ म्हणायला तुम्ही मोकळे.