चावी खिळ्यावर

मे महिन्यातल्या नागपुरात सकाळी दहाला कूलरसमोरून उठायला कारण जबरदस्त लागतं. ऑफिसचा निरोप आला: उद्यापासून डेटाबेसशी एनक्रिप्शनशिवाय, म्हणजे सांकेतिक भाषेशिवाय, बोलणं बंद. माझा प्रोग्राम तीन वर्षं पोस्टग्रेस या डेटाबेसशी 5432 पोर्टवर, म्हणजे त्याच्या नेहमीच्या दारावर, बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत माराव्यात तशा मोकळ्या गप्पा मारत होता. ऐकलं असेल कोणी, तर ऐकलं असेल.

जोडणीच्या सेटिंगमध्ये एसएसएलमोडपुढे 'रिक्वायर' लिहिलं, म्हणजे एनक्रिप्शन सक्तीचं. जोडला गेला! तर्री-पोहे आणायला निघालो, तर सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्राचा फोन.

"काहून बे, पाकीट चिकटवलं, पण घेणारा कोण हे पाहिलंच नाही? 'व्हेरिफाय-फुल' टाक."

टाकलं. आता प्रोग्राम आमच्या आजीसारखा झाला. साखळी न काढता आतूनच, "कोण? कोणाकडचे?" ओळख पटवायला रूट सर्टिफिकेट हवं, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्रावर सही करणाऱ्याचं ओळखपत्र. ते मित्राकडून आणून ठेवलं, तर म्हणे नाव जुळत नाही. सर्टिफिकेट सर्व्हरच्या नावाचं आणि मी पत्त्याच्या जागी नुसता आयपीचा आकडा दिलेला. माणूस तोच, घर तेच. पण आजीला आकडा सांगून चालत नाही, नावच सांगावं लागतं. नाव घातलं.

मग सर्व्हरनं माझी ओळख मागितली. माझं सर्टिफिकेट दिलं, सोबत ते माझंच आहे हे सिद्ध करणाऱ्या खासगी चावीची फाईल ठेवली. प्रोग्राम जागचा हलेना. फाईलची परवानगी 0644 होती, म्हणजे चावी त्या मशीनवरच्या कोणालाही वाचता येत होती. 0600 करा, म्हणजे मालकाशिवाय कोणाला वाचता येणार नाही, मगच हात लावीन, हा त्याचा हट्ट.

हे आईला सांगितलं.

"बरोबरच आहे त्याचं," ती म्हणाली. आमच्या घराची चावी वीस वर्षं दाराबाहेरच्या खिळ्यावर लटकते. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे. पण आईचा तत्त्वाचा भाग वेगळा आणि खिळ्याचा वेगळा.

दुपारचे अडीच. बाहेर 45 अंश, आत वाळ्याचा वास आणि माझा घाम. 0600 केलं. सर्टिफिकेट पटलं, नाव पटलं, चावी पटली. आणि शेवटी एक ओळ: पासवर्ड चुकीचा.

मित्राला फोन लावला. म्हटलं, भाऊ, पासवर्ड बदलला का?

"हो ना बे, कालच. चाळीस जणांचा ग्रुप आहे ना आपला, त्यात टाकून वर पिन करून ठेवला. तू पाहूनच नाही राहिला?"