‘फक्त ग्राफिक्स कार्ड टाकून द्या ना भाऊ!’

लग्नसराई लागली की तालुक्याच्या दुकानात हेच वाक्य. लग्नाचे व्हिडिओ अडकतात, म्हणून ऑल-इन-वन, म्हणजे पडद्यातच अख्खा संगणक बसवलेला, काखेत मारून आणायचा अन् पेनड्राइव्ह खोचावा तसं चित्र-व्हिडिओचं काम सांभाळणारं हे कार्ड खोचून मागायचं. खोचायचं कुठं राजेहो? मागचं झाकण काढून पाहा, बहुतेकांत असं कार्ड बसवायची लांब खाच, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉटच नसतो. ग्राफिक्स असतं ते प्रोसेसरच्याच पोटात, नाहीतर बोर्डावर सोल्डर केलेली चिप. अन् वीज? ९० ते १५० वॅटचा अडॅप्टर. आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड एकटंच १७० वॅट पितं.

करायचंच तर रॅम पाहा. ८ जीबीची एकच पट्टी अन् शेजारची जागा रिकामी, हे नेहमीचं. इनबिल्ट ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. तेवढ्याच क्षमतेची, त्याच जातीची लॅपटॉपवाली पट्टी जोडीला लावली की ड्युअल चॅनल सुरू, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम कामाला. इंटेलचं आयरिस एक्सई हे इनबिल्ट ग्राफिक्स तर एका पट्टीवर नुसतं यूएचडी, म्हणजे त्याच्याहून हलकं, म्हणून दिसतं!

मग पंख्याची जाळी. कापसाची रुई अन् धूळ यांचा नमदाच असतो तिथं. पातं बोटानं धरून ब्रश मारा. मे महिन्यात ४५ अंशांत चिप तापली की स्वतःच वेग कमी करते, त्याला कार्ड काय करणार?

एवढं सांगून झालं की उत्तर ठरलेलं : “नागपूरवाला टाकून देतो म्हणे.”