बटाटा भाजीत घाला, चित्राला लावू नका

परवा आत्याचा फोन आला. "अगं, बटाटा तपकिरी झालाय. म्हणजे मळ निघतोय ना?" आजोबांचं तैलचित्र जेवणाच्या टेबलावर आडवं आणि तिच्या हातात अर्धा बटाटा. फॅमिली ग्रुपवर चार जणांनी पुढे ढकललेला मेसेज तिनं मनावर घेतला होता.

मेसेज असा: जुनं तैलचित्र पाच मिनिटांत नव्यासारखं करा. कापलेल्या बटाट्यानं पुसा, डागांवर टूथपेस्ट चोळा, उन्हात वाळवा, वरून खोबरेल तेलाचा हात फिरवा. म्युझियमवाले तर थुंकीनं पुसतात, लाखो रुपये घेतात आणि गुपित फुटू नये म्हणून दार लावून काम करतात. सोबत व्हिडिओ: पिवळ्या चेहऱ्यावरून बोळा फिरतो आणि खालून गोरापान चेहरा निघतो.

व्हिडिओतला तो पिवळेपणा मळ नव्हे, जुनं व्हार्निश, म्हणजे रंगावर चढवलेला पारदर्शक लेप. ते द्रावकानं विरघळतं. बटाट्याच्या बापालाही ते निघणार नाही.

मग बटाटा करतो काय? तैलचित्र म्हणजे कॅनव्हास, त्यावर सरस, त्यावर अस्तर, मग रंग आणि सगळ्यात वर व्हार्निश. जुन्या रंगाला बारीक भेगा असतात. बटाट्याचं पाणी त्यातून आत उतरतं, सरस फुगतो, आणि आज ना उद्या रंगाचे पापुद्रे सुटतात. वर उरतो स्टार्च, म्हणजे बुरशीला आणि कसरीला आयती मेजवानी. आत्याच्या बटाट्यावरचा तपकिरी रंग आजोबांच्या कोटाचा होता. दुसऱ्या बटणाच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत आता खालचं पांढरट अस्तर दिसतं. बटण तेवढं वाचलं, कारण तिथे रंगाचा थर जाड होता.

थुंकीचं मात्र खरं आहे. नाइलाजानं कबूल करते. संवर्धक, म्हणजे जुनी चित्रं जपणारे-दुरुस्त करणारे तज्ज्ञ, खरंच काडीला कापूस गुंडाळून, तो जिभेवर ओला करून चित्रावरची धूळ टिपत आले आहेत. पोर्तुगालच्या तिघा संशोधकांनी १९९० साली यावर रीतसर अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना २०१८चा इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळाला. त्यांच्या मते काम होतं ते थुंकीतल्या अमायलेज या विकरामुळे (एन्झाइममुळे). आता गंमत बघा. अमायलेजचं पोटापाण्याचं काम म्हणजे स्टार्च तोडणं. म्हणजे मेसेज एका ओळीत स्टार्च फासायला सांगतो आणि दुसऱ्या ओळीत स्टार्च तोडणाऱ्या थुंकीचा दाखला देतो! शिवाय थुंकीनं वरवरची घाण निघते, व्हार्निश नाही. आणि सुटणारा रंग कुठला हे आधी कोपऱ्यात तपासल्याशिवाय संवर्धक तीही लावत नाही.

टूथपेस्टमध्ये दात घासायची पूड असते. ती रंगही घासते. उन्हाबद्दल काही सांगायलाच नको, उन्हात टाकलेली सतरंजी विटते हे आत्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

खोबरेल तेल धूळ धरून ठेवतं आणि भेगांत शिरतं. वरून चकाकी आणण्याची हौस काय करते, ते अजिंठ्यात जाऊन बघा. निजामाच्या काळात, १९२०च्या सुमारास, इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी भित्तिचित्रांवर लाखेचं व्हार्निश चढवलं. ते पिवळं पडलं आणि पुढे पुरातत्त्व खात्याला ते उतरवत बसावं लागलं. तज्ज्ञांची ही गत, तर आपण कोण?

आणि सगळ्यात संताप आणणारा मुद्दा, 'दार लावून'. ॲमस्टरडॅमच्या रेइक्सम्युझियममध्ये डच चित्रकार रेम्ब्राँचं 'नाइट वॉच' हे १६४२चं चित्र २०१९पासून काचेच्या खोलीत आहे. प्रेक्षक बाहेर उभे राहून काम बघतात. आधी काही वर्षं नुसती तपासणी चालली: क्ष-किरणांनी रंगातली मूलद्रव्यं शोधणं, इंच-इंच छायाचित्रं घेणं. व्हार्निश उतरवायला हात घातला तो नोव्हेंबर २०२४मध्ये. पाच वर्षं बघ्यांसमोर चाललेली तयारी आणि मेसेजमधली पाच मिनिटं!

खर्च येतो, वेळ लागतो, हे मान्य. पण विचारायला पैसे पडत नाहीत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे निदान फोन करून बघा. आणि ज्यांच्या देवघरात रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी किंवा सरस्वती आहे त्यांनी तर ओलं फडकंसुद्धा लांब ठेवा. ते तैलचित्र नव्हे, कागदावरचा छाप आहे.

आत्यानं बटाटा टाकून दिला. चित्र आता बैठकीत, उन्हाची तिरीप येत नाही त्या भिंतीवर आहे. संध्याकाळी तिचाच ग्रुपवर मेसेज आला: "कुणी काही लावू नका. माझा बाबा एका बटणापाशी टक्कल पडून बसलाय."