लंडन ते न्यूयॉर्क 3 तासांत होत नाही

मावशीने प्रवासाची तयारी करताना दर 6 तासांनी घ्यायच्या गोळ्या मोठ्या बॅगेत भरल्या, म्हणजे सामानात जमा होणाऱ्या बॅगेत. का, तर म्हणाली, "अगं, 3 तासांचं तर विमान आहे." हे ज्ञान तिला सध्या फिरणाऱ्या त्या मेसेजमधून मिळालं: 'पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानासमोर शहर आपोआप सरकत येतं. पुरावा तिकिटावरच आहे. लंडनहून सकाळी 11 ला निघून न्यूयॉर्कला दुपारी 2 ला, फक्त 3 तास. येताना रात्री 8 ते सकाळी 8, तब्बल 12 तास.' वर, कंपन्या भाडं वाढवायला मुद्दाम उत्तरेकडून वळसा घेतात, हेही आहेच.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्क लंडनच्या मागे आहे, वर्षातला बहुतेक काळ 5 तासांनी. तिथे दुपारचे 2 वाजतात तेव्हा लंडनला संध्याकाळचे 7 झालेले असतात. म्हणजे जायला 8 तास. येताना न्यूयॉर्कचे रात्री 8 म्हणजे लंडनचे मध्यरात्रीनंतरचे 1, तिथून सकाळी 8 पर्यंत 7 तास. म्हणजे पश्चिमेलाच वेळ जास्त लागतो! ज्या तिकिटाला हा मेसेज पुरावा म्हणतो, तेच त्याला खोटं पाडतं.

शिवाय अंतर साधारण साडेपाच हजार किलोमीटर. ते 3 तासांत कापायला ताशी 1,800 किलोमीटरहून जास्त वेग हवा. आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानालाही साधारण साडेतीन तास लागायचे, आणि ती सेवा 2003 मध्येच बंद झाली. पुढे पाठवण्याआधी एवढा भागाकार कुणालाच सुचू नये?

पृथ्वी फिरते तेव्हा हवाही तिच्यासोबत फिरते, आणि त्या हवेत उडणारं विमानही; म्हणून शहर आपोआप समोर सरकत येत नाही. हवा तशी फिरत नसती, तर विषुववृत्तावर उभ्या माणसाला ताशी सुमारे 1,670 किलोमीटरचा वारा लागला असता.

जाण्यायेण्याच्या वेळेत फरक पडतो, हे मान्य. तो पडतो उंचावरच्या जेट स्ट्रीम वाऱ्यांमुळे, आणि ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, हेही खरं. पण फायदा पूर्वेला जाणाऱ्याचा होतो. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बोइंग 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं, ते वादळी वाऱ्याने पाठीमागून रेटल्यामुळे. पृथ्वी तर त्या दिवशीही रोजच्याच वेगाने फिरत होती.

वळशाचं म्हणाल तर पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा. सपाट नकाशावर वाकडी दिसणारी वाटच जवळची निघते. वाऱ्यासाठी विमानं ती थोडीफार बदलतात, पण वेळ आणि इंधन वाचवायला.

मावशीसमोर कागदावर दोन्ही शहरांची घड्याळं काढली आणि 8 तास मोजून दाखवले. गोळ्या आता तिच्या खांद्यावरच्या पर्समध्ये आहेत.