क्रेडिट जमा, कॉलेज मिळेना

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून ताईचा फोन आला. भाचीला दुसऱ्या वर्षासाठी पुण्याला जायचंय. पहिल्या वर्षाची सगळी क्रेडिट्स, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक, क्रेडिट बँकेच्या खात्यात जमा आहेत, मोबाईलवर दिसतात. पण तिकडचं कॉलेज म्हणतं, विषय जुळत नाहीत, पहिल्यापासून या. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. दाजी म्हणतात, कॉलेज बदललं तरी क्रेडिट्स सोबत नेता येतील म्हणणारं नवं शैक्षणिक धोरण नुसतं कागदावर आहे. धाकटे काका म्हणतात, आता सगळं अमेरिकेसारखं झालंय, हे एकच कॉलेज आडमुठं निघालं. आणि अमेरिकेचं नाव निघालं की सगळे माझ्याकडे बघतात.

मी राहते क्युपर्टिनोला. मुलगा इथल्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात, दोन वर्षं शिकला आणि यूसी डेव्हिसला, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसला, तिसऱ्या वर्षाला गेला. इथल्या मराठी घरांत ही गोष्ट जरा आवाज उतरवून सांगतात. "सध्या डी अँझाला आहे, पण ट्रान्सफर घेणार आहे." त्या "पण"वरचा जोर माझ्या ओळखीचा आहे. "डिप्लोमाला घातलंय, पण पुढे डिग्री करणार" म्हणताना आपल्याकडे तोच असतो.

प्रवेश घेण्याआधीच मुलानं मला असिस्ट ही वेबसाइट दाखवली होती. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांचे कुठले विषय एकमेकांशी जुळतात, त्याची ही अधिकृत यादी. एका बाजूला डेव्हिसचा विषय, समोर डी अँझाचा. गणितात मॅट २१ए च्या समोर मॅथ १ए. जिथे जोडीचा विषयच नाही तिथे सरळ लिहिलेलं, "नो कोर्स आर्टिक्युलेटेड". म्हणजे काय चालणार आणि काय नाही, हे फी भरायच्या आधी कळतं. ठरलेले विषय आणि ठरलेल्या ग्रेड मिळवल्या तर यूसीचे सहा कॅम्पस प्रवेशाची हमीसुद्धा देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो मात्र देत नाहीत. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग विद्यापीठ, हा रस्ता राज्याच्या १९६० च्या मास्टर प्लॅननं आखून दिला. एका रात्रीत उगवलेलं ॲप नाही ते.

मात्र हे सुख कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांपुरतं. राज्य बदला, मध्ये खासगी कॉलेज आणा, की इथेही रडकथाच. जीएओ ही अमेरिकी संसदेसाठी तपासणी करणारी संस्था. तिच्या २०१७ च्या अहवालातला अंदाज असा, की कॉलेज बदलणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया जातात. तेव्हा काका, "अमेरिकेसारखं" म्हणजे नक्की कुठल्या अमेरिकेसारखं?

२०२१ साली आपल्याकडे क्रेडिट बँक आली. माझ्या मते ते चांगलं पासबुक आहे. सात वर्षांपर्यंत क्रेडिट्स जपून ठेवतं. पण समोरच्या दुकानदारानं ती नोट घ्यावी की नाही, हे पासबुक सांगत नाही. त्यात त्याच धोरणानं स्वायत्ततेलाही जोर दिला. पूर्वी एका विद्यापीठाचा एकच अभ्यासक्रम असायचा, त्यामुळे निदान विद्यापीठाच्या हद्दीत हलणं सोपं होतं. आता प्रत्येक स्वायत्त कॉलेजचा अभ्यासक्रम वेगळा. मुलांना मोकळं करायचं आणि विषय मात्र कॉलेजागणिक वेगळे होऊ द्यायचे, हे एकत्र चालवायचं तर जुळवणीची यादी कुणीतरी बसून करायला हवी. किचकट, कंटाळवाणं, उद्घाटनाला फीत नसलेलं काम.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुलं महाराष्ट्रात वर्षानुवर्षं आहेत. त्यांना प्रत्येक कॉलेजच्या दारात विषयांची उलटतपासणी द्यावी लागत नाही, कारण डिप्लोमा चालतो हे सगळ्यांसाठी एकदाच ठरलेलं आहे. बीए-बीएस्सीच्या पोरांनी काय घोडं मारलंय?

मी स्वतः १९९७ साली सांगलीहून पुण्याला बदली घेतली होती. टीसी, मायग्रेशन, एनओसी, आणि अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पानावर प्राचार्यांचा शिक्का. एका पानावर तो पुसट उमटला म्हणून खिडकीतून परत पाठवलं. सांगलीला जाऊन यायला दोन दिवस गेले.

काल ताईचा परत फोन आला. भाचीनं बासष्ट पानांवर शिक्के मारून घेतलेत, सोमवारी पुण्याला निघालीय. मी म्हटलं, "पुसट नाहीत ना, बघ." ताई म्हणाली, "थांब, दिव्याखाली धरून बघते."