चाकाला मोकळीक, खुराला पायबंद

खेचरांवर सामान लादून नेणाऱ्या पॅकरने आमची पेटी स्प्रिंगच्या काट्याला अडकवली, आकडा वाचला, आतली तेलाची बाटली काढून दुसऱ्या पेटीत टाकली आणि दोन्ही पेट्या पुन्हा तोलल्या. खेचराच्या पाठीवर दोन्ही अंगांना सारखं वजन पडलं नाही तर खोगीर सरकतं, पाठ सोलवटते. त्यामुळे अर्ध्या किलोचा फरकही तो चालवून घेत नव्हता. एका खेचरावर ७० किलोच्या आतच ओझं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कमरेवर हात ठेवून बघत होते. जुन्नरहून येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते आणि एवढ्या दिवसांत कॅलिफोर्नियात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी ओळखीचं दिसलं होतं.

"अगं, हा तर लमाणांचा तांडाच," ते म्हणाले.

मग त्यांनी दोरीची चौकशी केली. पाच खेचरं एकामागे एक बांधलेली असतात, पण मागच्याचा कासरा पुढच्याच्या खोगिराला थेट बांधत नाहीत. मध्ये बारीक दोरीचा एक फास असतो, मुद्दाम कच्चा. कड्यावरून एखादं खेचर घसरलं तर तो फास तुटावा आणि बाकीची चार वाचावीत म्हणून. अण्णांनी तो दोनदा ओढून पाहिला. "शहाणा माणूस आहे," हे प्रमाणपत्र त्या पॅकरला मिळालं. ते माझ्या नवऱ्याला अजून मिळालेलं नाही.

सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व उतारावरून आम्ही चार दिवसांसाठी वर निघालो होतो. अण्णा घोड्यावर, आम्ही दोघं पायी, सामान खेचरांवर. इथल्या ज्या जंगलांना कायद्यानं 'विल्डरनेस'चा, म्हणजे राखीव रानाचा दर्जा आहे, तिथे जायचे मार्ग एवढेच. १९६४ च्या कायद्यानं तिथे मोटारीला बंदी आहे, मोटारसायकलला आहे आणि सायकललाही आहे. चाकच चालत नाही. वाटेवर झाड आडवं पडलं तर वनखात्याची माणसंही ते एरवी यंत्राच्या करवतीनं कापत नाहीत. दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची लांब करवत खेचरावर लादून वर नेतात. खुराला मात्र परवानगी आहे. त्या भागात एका गटाला १५ माणसं आणि २५ जनावरं, अशी मर्यादा ठरलेली आहे.

हे मी घरच्या मंडळींच्या ग्रुपवर टाकलं. फोटोत अण्णा काऊबॉय टोपी घालून घोड्यावर. अपेक्षेप्रमाणे एका आतेभावाचा निरोप आला: "बघा, जंगल असं राखतात. नाहीतर आपल्याकडे, जिकडे बघावं तिकडे मेंढरं." त्याच आठवड्यात आमच्याकडच्या डोंगरात एका मेंढपाळाला दंड झाला होता, आणि गावात दोन तट पडले होते. आतेभाऊ टेंट लावून पर्यटकांना मुक्कामाला ठेवतो, तेव्हा त्याचा तट कोणता हे सांगायला नको. पण त्याचं वाक्य डोक्यात राहिलं. कारण नेमका त्याच दिवशी दुपारी अण्णांनी मला उलटा प्रश्न विचारला होता.

आम्ही एका कुरणाशी थांबलो होतो. दहा हजार फुटांवर, गुडघ्याएवढं गवत, मधून ओढा. अण्णांनी सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "मेंढरं कुठायत?"

मेंढरं होती. दीडशे वर्षांपूर्वी हजारोंनी होती. १८६९ च्या उन्हाळ्यात दोन हजारांहून अधिक मेंढ्यांच्या एका कळपाबरोबर जॉन म्यूर नावाचा एकतीस वर्षांचा स्कॉटिश माणूस या डोंगरात चढला. पगारी नोकर म्हणून. मेंढक्यावर लक्ष ठेवायचं हे त्याचं काम. त्या उन्हाळ्यात तो डोंगराच्या प्रेमात पडला आणि मेंढ्यांचा कायमचा वैरी झाला. त्यांना त्यानं 'खुरांचे टोळ' म्हटलं. हा शब्द इतका चिकटला की अमेरिकेत संरक्षणाची चर्चा आजही त्याच्या आसपास फिरते. १८९० मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झालं. मग घोडदळाचे सैनिक खेचरांवर शिधा लादून गस्त घालू लागले. मेंढपाळाला करायला कायद्यात शिक्षा नव्हती, म्हणून त्यांनी युक्ती काढली: मेंढपाळाला उद्यानाच्या एका हद्दीबाहेर नेऊन सोडायचं, मेंढ्यांना दुसऱ्या. मधलं अंतर कित्येक दिवसांचं. माणूस कळपापर्यंत पोचेतोवर कळप उरायचा नाही.

मी हे सांगितल्यावर अण्णा हसले नाहीत. "आणि खेचरं चालली?" एवढंच म्हणाले.

चालली, आणि थाटात चालली. म्यूरनं १८९२ मध्ये स्थापलेल्या सिएरा क्लब या निसर्गसंस्थेच्या उद्दिष्टांत डोंगर लोकांना 'जाण्याजोगे करणं' हेही होतं. १९०१ पासून क्लबच्या मोठ्या सहली निघू लागल्या. शेकड्यांनी माणसं, मागे स्वैपाकाचा संसार घेतलेली खेचरांची लांबच लांब रांग. मेंढीच्या खुराखाली जे गवत मरतं ते खेचराच्या खुराखाली फुलतं असं काही नसतं. फरक इतकाच की मेंढीमागचा माणूस पोटासाठी आला होता आणि खेचरामागचा सुट्टीवर. लिहिणारा त्या दुसऱ्यांतला होता.

१९२१ मध्ये वनखात्यातल्या आल्डो लिओपोल्ड या अधिकाऱ्यानं, रानाचा राखीव तुकडा किती मोठा हवा, याचं माप लिहून ठेवलं. त्यानं एकर किंवा मैल मोजले नाहीत. ओझ्याच्या जनावरांसह दोन आठवड्यांची सफर मावली पाहिजे आणि आत रस्ता नको, एवढं मोठं रान, असं तो म्हणाला. तीन वर्षांनी न्यू मेक्सिकोत 'हिला' (Gila) नावाचं त्या कल्पनेचं पहिलं राखीव रान झालं. म्हणजे या देशात रानाची मोजपट्टीच मुळात खेचराची. आणि १९६४ च्या कायद्याचा मसुदा करणाऱ्या हॉवर्ड झानायझरनं रानासाठी जो शब्द हट्टानं धरून ठेवला, 'अन्ट्रॅमल्ड', त्यातला ट्रॅमल म्हणजे जाळं, आणि घोड्याच्या पायाला घालायची बेडीसुद्धा. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: पायबंद. ज्याला पायबंद घातलेला नाही ते रान. कायद्यावर सही व्हायच्या चार महिने आधी झानायझर वारला. त्यानं धनगराचं घोडं पाहिलं असण्याचं कारण नाही, पण जाळं आणि पायबंद, दोन्ही त्या घोड्यावर असतात. मेंढरं कोंडायची वाघूर, आणि रात्री घोडं लांब जाऊ नये म्हणून पुढच्या पायांत अडकवायची दोरी.

आता आतेभावाच्या वाक्याकडे येते. 'असं राखतात' म्हणजे कसं? इथे चाकाला बंदी आणि खुराला मोजून परवानगी. महाराष्ट्रातल्या व्याघ्र प्रकल्पांत नेमकं उलटं आहे. राष्ट्रीय उद्यानात १९७२ च्या कायद्यानं चराईला बंदी, आणि पर्यटकाला जायचं तर जिप्सीतच बसायला हवं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडलाच्या अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी गाड्यांनी कोंडलं. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्यावर ग्रुपवर हळहळ झाली. पण मेंढ्या जितक्या सहज 'जंगलाचा नाश' ठरतात, तितक्या सहज गाड्या ठरत नाहीत. चाकावरून आलेला तो पर्यटक आणि खुरामागून आलेला तो अतिक्रमक, हे आपण कुठल्या पुस्तकातून शिकलो? माझ्या मते इंग्रजीतून. म्यूरच्या पोथीतला मेंढ्यांचा राग तेवढा उचलला आणि चाकाची बंदी तिथेच ठेवली.

मराठीत दुसरी वाट होती. मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. सारी नोकरी वनखात्यात करूनही त्यांच्या लिखाणात गोंड, कोरकू, पारधी हे रानाचे शत्रू नसतात, जाणकार असतात. पक्ष्यांची, झाडांची नावं ते त्यांच्याकडून घेतात. म्यूरच्या योसेमिटीत मूळचे लोक जवळजवळ दिसत नाहीत, आणि दिसतात तिथे मळके दिसतात. त्याची लाज सिएरा क्लबला २०२० मध्ये जाहीरपणे बोलून दाखवावी लागली. पण म्यूरचं लिखाण कायद्यात उतरलं. चितमपल्लींचं वाचनालयात राहिलं. त्यांच्या वाढदिवसापासून पक्षी सप्ताह होतो, हे चांगलंच आहे. पण चराईच्या नियमात त्यांचा शब्द कुठे आहे?

मेंढपाळांची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. सिएरातली रानमेंढी पाळीव मेंढ्यांच्या रोगांनी इतकी खंगली की गेल्या शतकाच्या अखेरीस शंभरच्या आसपास उरली. म्यूरचा राग नुसता नाजूकपणाचा नव्हता. आमच्या बांधावरची बाभळीची रोपं दर वर्षी कोण खातं, हेही मला ठाऊक आहे. आणि चाकाची बंदी हीही पूजेची गोष्ट नाही. माथेरानला मोटारी नाहीत, याचं आपल्याला केवढं कौतुक. पण त्या कौतुकाच्या पोटात माणूस माणसाला हातरिक्षात बसवून चढावर ओढत होता. ते सहा महिन्यांत थांबवा, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावं लागलं. ई-रिक्षा आल्या तर आमच्या घोड्यांचं काय, हे घोडेवाल्यांचं म्हणणं मला कळतं. तरी तिथे मी रिक्षा ओढणाऱ्याच्या बाजूची. जनावराच्या जागी माणूस जुंपायची वेळ येते, तिथे चाक आलं पाहिजे.

मग इथून काय घ्यावं? मला विचाराल तर कुरणांचं वेळापत्रक. सेक्वोया आणि किंग्ज कॅन्यन उद्यानांत कुठल्या कुरणात जनावरं कधी सोडायची याची तारीख कुरणागणिक ठरते. बर्फ जास्त पडलं त्या वर्षी ती पुढे जाते, कारण ओल्या जमिनीत खूर रुततो आणि गवताचं मूळ फाटतं. हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग आम्ही काय करत होतो? पावसाळ्यात कुरणात जनावर घालायचं नाही, दसऱ्याला कापायचं." करतच होते. फरक असा, की इथे ते लिहून ठेवलं आहे आणि त्यावर भांडायला कोर्ट आहे. भांडणंही होतात. पदयात्रींच्या एका संघटनेनं खेचरांच्या धंद्यावरून त्या उद्यानांना कोर्टात खेचलं. खेचरांवरून टेबल-खुर्च्या आणि दारूच्या बाटल्या वर नेणं ही कसली गरज, असा पदयात्रींचा जुनाच सवाल आहे. कायदा म्हणतो, असले धंदे गरजेपुरतेच. ती गरज उद्यानानं नीट तपासलीच नाही, असा निकाल २०१२ मध्ये लागला. तेव्हा अमेरिकी संसदेनं, म्हणजे तिथल्या काँग्रेसनं, काही महिन्यांत वेगळा कायदा करून खेचरांचे परवाने चालू ठेवले. खेचरवाल्यांची पोच वॉशिंग्टनपर्यंत आहे.

मेंढपाळांची नाही. आपला २००६ चा वनहक्क कायदा भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क शब्दांत मानतो, म्हणजे कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. पण जो अनुसूचित जमातीत नाही त्यानं तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा पुरावा द्यायचा. ज्याचं बिऱ्हाड घोड्यावर, त्यानं पुरावा ठेवायचा कुठे? वाघुरीत?

डोंगरात तिसऱ्या रात्री खेचरं मोकळी सोडली होती. त्यांत एक घोडी असते, तिच्या गळ्यात घंटा. खेचरं तिला सोडून जात नाहीत, त्यामुळे घंटा ऐकू येतेय तोवर पॅकर निवांत झोपतो. अण्णा झोपले नाहीत. पहाटे म्हणाले, रात्रभर नाणेघाट आठवत होता. पाठाळ बैलांवर मीठ आणि धान्य जायचं, तिथल्या दगडी रांजणात जकात पडायची, असं त्यांचे आजोबा सांगायचे. आम्ही ज्या वाटेवर होतो तीही तशीच. खेचरांच्या आणि म्यूरच्या कितीतरी आधी इथले मूळचे पायूट लोक या खिंडींतून एकीकडून मीठ आणि काचेसारखा काळा दगड नेत, दुसरीकडून ओकची फळं आणत. आज त्यातल्या मोठ्या वाटेला म्यूरचं नाव आहे.

दिवाळीनंतर अण्णांचा फोन आला. पारनेरकडचा धनगरांचा वाडा माळशेजकडे जाताना आमच्या शेतात दोन रात्री बसला होता. खताचे पैसे धान्यात दिले. घोडं दिसलं नाही म्हणून विचारलं, तर विकलं म्हणे. जंगलातल्या वाटांनी आता जाऊ देत नाहीत, मग बिऱ्हाड टेम्पोनं पुढे पाठवायचं आणि मेंढरं हमरस्त्याच्या कडेनं हाकायची.

अण्णांनी त्या मेंढपाळाला अमेरिकेतल्या कुरणाचं वर्णन करून सांगितलं, गुडघ्याएवढं गवत वगैरे.

"किती मेंढरं सोडतात?" त्यानं विचारलं.

"एक नाही. खेचरं तेवढी जातात, ओझं घेऊन."

"कुणाचं ओझं?"

"आमच्या लेकीचं," अण्णा म्हणाले.