बकरी कुठे बांधली होती?

सिनेमा बघताना गप्प बसायचं नसतं हे मला गेल्या रविवारी कळलं. भावोजी गोरेगावला आमच्याकडे आले होते, त्यांनी शिकवलं. तुम्हालाही शिकवतो, फुकट.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायमिंग. लेक नऊ वर्षांची, 'जुरासिक पार्क' आयुष्यात पहिल्यांदा बघतेय, बाहेर धो धो पाऊस, लाइट बंद, उशी छातीशी घट्ट धरलीये आणि गाडीत ठेवलेल्या ग्लासातलं पाणी थरथरायला लागलंय. हीच ती वेळ! रिमोट घ्या, पॉज करा आणि विचारा, "मगाशी बकरी होती तिथे जमीन सपाट होती ना? आता बघ हां, तिथेच दरी येणार." मग मागे घ्या, बकरी दाखवा, परत मागे, परत बकरी, तोवर डायनासोर बिचारा कुंपणापलीकडे ताटकळत उभा. ते तरंग बरोबर गोल उठावेत म्हणून 1993 च्या त्या सिनेमात डॅशबोर्डखालून गिटारची तार लावून छेडली होती हो! कशासाठी एवढी मरमर? तर आमच्या सोफ्यावर मांडी घालून बसलेल्या माणसाने भजी खात बकरी शोधावी म्हणून.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले गरुड अंगठी घेऊन थेट का नाही उडाले, हे कुणी विचारलं नाही तरी काढा.

'टायटॅनिक'च्या शेवटी त्या तरंगणाऱ्या दरवाजावर दोघंही मावले असते, हे बोलाच. दिग्दर्शक कॅमेरूनने थंड पाण्यात माणसं उतरवून प्रयोग केला, तरी बोला.

इंडियाना जोन्सचा 1981 चा पहिला सिनेमा लागला की सांगा, हीरो नसता तरी नाझींनी पेटी उघडलीच असती आणि मेलेच असते. स्वतःला सुचल्यासारखं सांगायचं. अमेरिकन सिरियलमध्ये ऐकलंय हे कशाला बोला.

आणि हेच भावोजी! सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या अ‍ॅग्रीमेंटवर डोळे मिटून सही ठोकून आले. पझेशनची तारीखच नव्हती त्यात. आता बिल्डरने भाडं बंद केलंय आणि ताई दर महिन्याला माझ्याकडे रडते. अहो, तीस वर्षांपूर्वीची बकरी दिसली, तारीख नाही दिसली?

त्या दरीचा घोळ मलाही कॉलेजपासून माहितीये. सिनेमा संपल्यावर चहा घेऊन बसा, तासभर भांडू, मला आवडतं ते. पण पोरगी पहिल्यांदा बघत होती हो, ती किंचाळणार होती, मी त्याचीच वाट बघत होतो. जरा तोंड बंद ठेवायला काय जात होतं तुमचं?

काल तिने परत लावला. डायनासोर आला तेव्हा ती वाकून जमीन बघत होती.